फसवी मूठ

भिंगकाकांच्या घरात एखाद्या टोळीला पुरतील एवढे सुरे होते, आणि त्यातल्या एकानेही कधी साधा कांदा चिरला नव्हता. शिकारी सुरे सगळे. दुमडून खिशात टाकायचे चाकू काकांच्या लेखी खेळणी. पातं एकसंध हवं, मूठ पक्की हवी, म्यान चामड्याचं हवं आणि वय काकांपेक्षा जास्त हवं, एवढ्या अटी पुऱ्या केल्या की सुऱ्याला कपाटात जागा मिळायची. काकांनी स्वतः आयुष्यात ससासुद्धा मारला नव्हता. घरात झुरळ निघालं तरी हाक काकूंना जायची.

भिंगकाका हे नाव गल्लीने ठेवलेलं. आयुष्यभर त्यांनी घरोघरी फिरून विजेचे मीटर तपासले, निवृत्त झाले, आणि तेव्हापासून गळ्यात दोरीला भिंग अडकवून बसले ते बसलेच. जुन्या बाजारात सुरा हाती लागलेला माणूस तो कागदात गुंडाळून त्यांच्याकडे यायचा. म्हणायचा, "काका, हा आमच्या आजोबांच्या वेळचा." काका चष्मा कपाळावर ढकलून विचारायचे, "कशावरून?" माणूस डोकं खाजवायचा. मग काकांना जो हुरूप यायचा तो विचारू नका.

पात्यावर कारखान्याचा ठसा असतो, पण काका ठशावर जायचे नाहीत. ठसा काय, कोणीही मारतो. ते मूठ बघायचे. चामड्याच्या गोल चकत्या एकावर एक दाबून केलेली मूठ, आणि मध्ये मध्ये लाल, काळ्या, पितळी पातळ चकत्या. त्यांचा क्रम कारखाने अधूनमधून बदलत, आणि तो बदलता क्रम काकांना पाढ्यांसारखा पाठ होता. मग मुठीच्या बुडाचं टोपण. पात्याची शेपटी मुठीतून आरपार येऊन तिथे ठोकून बसवलेली दिसली पाहिजे. मग म्यानाची शिवण. मग धार कोणत्या अंगाने जास्त झिजली आहे ते, म्हणजे जुना धनी डावखुरा होता की कसा ते कळतं. सगळ्यात शेवटी सुरा कानाशी नेऊन काका पात्यावर नखाने टिचकी मारायचे. शेपटी अखंड असेल तर पातं बारीक आवाजात 'टण्ण' म्हणायचं. "आता हे कोणाच्या हातचं काम आहे ते सांगू?" असं विचारून ते उत्तराची वाट न बघता सांगून टाकायचे.

खोटं कसं ओळखायचं हे दाखवायला त्यांच्याकडे एक खास सुरा होता. त्याला ते फसवा म्हणत, कारण तो घेताना ते स्वतः फसले होते. बाहेरून देखणा, पण आतली शेपटी कधीच तुटलेली. कोणा लबाडाने उरलेला तुकडा राळ भरून नव्या मुठीत चिकटवून दिला होता. टिचकी मारली की 'ठप्प'. "याने फार तर लोणी कापा," काका सांगायचे, "जरा जोर लावलात की मूठ तुमच्या हातात आणि पातं भलतीकडे." स्वतःची फजिती इतक्या आनंदाने सांगणारा माणूस विरळा. पाहुणा कोणीही येवो, चहाबरोबर फसवा ठरलेला.

आणि एक नियम होता, ज्यावरून घरातल्या सगळ्यांनी कधी ना कधी बोलणी खाल्ली होती. सुरा म्यानात ठेवायचा नाही. म्यान दिसायला कितीही छान असलं तरी चामडं ओल धरतं, पितळ हिरवं पडतं आणि पात्याला आतल्या आत गंज चढतो. म्हणून सुरे एका खणात मऊ कापडावर आणि म्यानं दुसऱ्या खणात.

बऱ्याच दिवसांनी त्या सकाळी काकांनी खण उघडला, तर एक सुरा म्यानात होता.

सुरा साधासुधा नव्हता, सगळ्या संग्रहातलं रत्न होतं ते. लहानसा, हलका आणि कोरा. कारखान्यातून निघाला तसाच्या तसा, कधी धार न लावलेला, कधी कशावर न चालवलेला. खोटं कशाला सांगा, काकांना पहिली भीती वाटली ती गंजाची. त्यांनी घाईघाईने तो बाहेर काढला, पात्यावरून तेलाचा बोळा फिरवला, भिंग लावून इंच न् इंच पाहिला. गंज नव्हता. मग भिंग म्यानावर आलं आणि काकांचा हात थांबला.

म्यानाच्या मागच्या बाजूला, कमरपट्टा ओवायच्या घरात, एक नवी कापडी नाडी शिवलेली होती. मूठ आवळून धरणाऱ्या पट्टीला नवी घडी पडली होती. तिच्या टिचबटणाभोवती बोटांच्या घामाचा डाग होता, आणि असा डाग एका दिवसात पडत नाही. कोणीतरी रोज सुरा बाहेर नेत होतं, वाटेत पुन्हा पुन्हा बटण चाचपत होतं आणि घरी आलं की परत खणात ठेवत होतं.

कोण, हे सांगायला भिंग लागत नाही असं काकांना वाटलं. लेक माहेरी आली होती ना.

लेक आली तेव्हा तिच्या मनगटाला पट्टी होती. जावयाने ते पिरगाळलं होतं, आणि तेही आवाज न चढवता. जावई फार गोड बोलणारा. रस्त्यावरच्या कुत्र्यालाही अहोजाहो करील असा. ती निघून आल्यापासून तो रोज येऊन समोरच्या पदपथावर उभा राहायचा. नुसता उभा. हात पाठीमागे बांधलेले, चेहऱ्यावर हसू, नजर वर त्यांच्या खिडकीकडे. चौकीतल्या साहेबांनी तक्रार ऐकून घेतली, पेन बंद केलं आणि विचारलं, "कोणी पाहिलंय का त्याने काही करताना? उभं राहणं हा गुन्हा नाही हो." तेव्हापासून घरातले पडदे ओढलेलेच असायचे. दाराची बेल वाजली की तिघंही आधी एकमेकांच्या तोंडाकडे बघायची आणि मग कोणीतरी उठायचं.

तेव्हा लेक घाबरून सुरा बाळगत असणार, असं काकांनी मनाशी धरलं. पण सवय वाईट. भिंग पुन्हा त्या नाडीवर गेलं. टाके बारीक, एका मापाचे, आणि शेवटचा टाका उलटा घालून गाठ आत दडवलेली. लेकीला शर्टाचं बटण धड लावता येत नव्हतं. हे कोणाच्या हातचं काम, ते काकांना कोणी सांगायला नको होतं. त्यांच्या अंगातल्या सदऱ्याची कॉलर त्याच हाताने उसवून उलटून शिवली होती.

काकू. लोकांचे कपडे कमीजास्त करून देणाऱ्या, मशीनवर बसल्या बसल्या गुणगुणणाऱ्या काकू. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला होती. तिला सकाळी पोचवायला आणि सुटताना आणायला काकू जायच्या, हातात कापडी पिशवी घेऊन. त्या पिशवीच्या आत नाडीला सुरा टांगलेला असायचा, हे काकांना आत्ता कळलं.

शिकारी सुरा कशासाठी केलेला असतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? पात्यावरची पन्हळ कशाला, टोक वर का वळलेलं, हे सगळं पाहुण्यांना ते हसत हसत सांगायचे. आता त्यांच्या डोळ्यांसमोर ते पातं आणि काकूंचा सुईची भोकं पडलेला अंगठा एकदमच उभे राहिले. काकूंनी सुरा उपसला आणि चालवला तर? आणि त्याहून वाईट, उपसला आणि त्याने तो काढून घेतला तर? तुरुंग, दवाखाना, स्मशान, काकांचं मन सगळीकडे फिरून आलं.

एवढं सगळं झाल्यावर माणूस काय करतो? बायकोला हाक मारतो, समोर बसवतो आणि बोलतो. काकांनी ते केलं नाही. बोलायचं म्हटलं की काकांच्या तोंडाला कुलूप. सुऱ्याबद्दल बोला, रात्रंदिवस बोलतील. भीतीबद्दल बोला म्हटलं की चहा थंड होतोय म्हणतील. त्यांनी कोरा सुरा फडक्यात गुंडाळून म्यानांच्या खणात तळाशी दडवला. त्याच्या जागी त्या म्यानात फसवा घातला. दोघांची घडण एक, माप एक. म्हणून तर काका एकदा फसले होते. टिचबटण लावलं, खण बंद केला.

काकूंना फरक कळणार नाही, त्यांच्या हाताला धीर तेवढाच मिळेल आणि कोणाचं रक्त सांडायचं नाही. काकांनी स्वतःची अशी समजूत घातली आणि आपण फार शहाणपणाचं काम केलं असंही त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी काकू पिशवी घेऊन निघाल्या तेव्हा त्यांनी खिडकीचा पडदा बोटभर सरकवून पाहिलं. काकूंचा हात पिशवीत होता.

मग जावई पदपथावर यायचा बंद झाला. घराला हायसं वाटायला हवं होतं, पण झालं उलटंच. दिसत होता तोवर तो कुठे आहे हे तरी माहीत होतं. आता जिन्यावर पाय वाजला की लेक मोरीत जाऊन आतून कडी लावायची. काकू मशीन चालवता चालवता मध्येच थांबायच्या आणि कान द्यायच्या. काका भिंगातून एकाच मुठीकडे तासन् तास बघत बसायचे आणि त्यांना काहीही दिसायचं नाही.

अशाच एका दुपारी कुलुपवाला आला. हा काकांचा जुना दोस्त. काकांना सुऱ्यांचा नाद, तसा त्याला जुन्या कुलपांचा. चष्म्याचं दुकान त्या दिवशी अर्धाच वेळ उघडं असायचं, म्हणून काकू लेकीला आणायला नुकत्याच निघाल्या होत्या. कुलुपवाल्याने कागदातून एक सुरा काढून टेबलावर ठेवला.

"बघा भिंगकाका. शंभर टक्के जुना माल."

"कशावरून?" काकांनी सवयीने विचारलं. आवाजात दम नव्हता.

"ते तुम्ही सांगायचं! नाहीतर तुमचा चहा प्यायला कोण येतंय?" कुलुपवाला हसला. काकांनी टिचकी मारली. आवाज मधलाच आला, धड टण्ण नाही, धड ठप्प नाही. "असं कळायचं नाही," कुलुपवाला म्हणाला, "तुमचा तो फसवा काढा. दोन्ही आवाज शेजारी शेजारी ऐकू."

"फसवा? तो... दुरुस्तीला दिलाय."

"फसवा दुरुस्तीला!" कुलुपवाल्याला हसू आवरेना. "मग झाली की हो तुमची शाळा बंद. काय तो जावई तुमचा, मागे मी आलो होतो तेव्हा! डोळे मिटून, नुसत्या टिचकीवर फसवा बाजूला काढला पठ्ठ्याने. तुम्ही असे खूश झाला होतात, म्हणालात, मुलगा असता तर असाच असता."

काकांनी हातातला सुरा टेबलावर ठेवला.

आठवलं. लग्न नवं होतं तेव्हा. जावई याच खुर्चीत बसला होता, हात मांडीवर, एकेक शब्द टिपून घेत. काकांना आयुष्यात असा ऐकणारा मिळाला नव्हता. ठसा, चकत्या, टोपण, टिचकी, सगळं त्यांनी त्याला शिकवलं. तो निघताना म्हणाला होता, "बाबा, फसवा तर मी लांबूनसुद्धा ओळखीन. त्याच्या मुठीत एक लाल चकती जास्त आहे." आणि काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली होती. तो सुरा पोकळ आहे हे नुसतं बघून ज्याला कळेल असा माणूस काकांनी स्वतःच्या हाताने तयार केला होता, आणि काकू पिशवीत तो सुरा घेऊन त्याच माणसाला तोंड द्यायला निघाल्या होत्या.

त्यांनी लेकीला फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. काकू फोन घरीच ठेवून गेल्या होत्या, मशीनवर, कात्रीशेजारी. काकांनी म्यानांचा खण उचकटला, तळाचं फडकं ओढलं, कोरा सुरा फडक्यासकट कोटाच्या खिशात कोंबला आणि कुलुपवाल्याला तिथेच सोडून ते जिना उतरले.

काका पळाले, असं म्हणवत नाही. त्यांचा एक गुडघा कधीचाच कामातून गेला होता. पण जेवढं पळता येईल तेवढे ते पळाले. औषधाचं दुकान, सायकलवाला, बंद पडलेलं छायाचित्रांचं दुकान, कोपऱ्यावरचा दिव्याचा खांब. रोजचा रस्ता, पण कोणीतरी ओढून लांब केल्यासारखा. खिशातला सुरा दर पावलाला मांडीवर आपटत होता. एवढी वर्षं सुरे हाताळले, पण सुरा घेऊन चाललेला माणूस कसा असतो हे त्यांना आज कळलं. तो समोर न बघता सारखा खिसाच चाचपत असतो.

चष्म्याच्या दुकानाचं पुढचं दार बंद होऊन पडदा ओढलेला होता. बाजूला बोळ होता, कामाच्या माणसांनी ये-जा करायचा. काका भिंतीला हात लावत तिथे वळले.

लेक भिंतीला पाठ लावून उभी होती. तिच्या पुढ्यात काकू, रिकामे हात पुढे धरून. पिशवी खाली पडली होती. आणि जावई उभा होता फसवा हातात घेऊन, अगदी काकांसारखा, मूठ उजेडाकडे तिरपी धरून.

"बाबा, या या," तो म्हणाला. "बरं झालं आलात. आईंनी हे काय आणलंय बघा. मी बायकोचा नुसता हात धरला, तर यांनी सुरा काढला."

काकांचा हात खिशात गेला. फडक्यातून मूठ हाताला लागली. ती त्यांनी आवळली. आता काढायचा, एवढंच करायचं होतं. हात बाहेर आला नाही. त्यांनी जोर लावला, मनाला शिव्या घातल्या, पण हात खिशातच राहिला, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा.

जावयाने फसवा कानाशी नेला. डोळे मिटले. नखाने टिचकी मारली.

"ठप्प," तो हळूच म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत, बाबा." मग त्याने दोन्ही अंगठे मुठीच्या तोंडाशी टेकवले आणि पातं भिंतीच्या दगडात अडकवून जरासं रेटलं. काट्कन आवाज झाला. राळेचा पिवळा भुगा खाली सांडला. त्याने पातं उचललं आणि दोन्ही तुकडे काकूंच्या पुढ्यात धरले, पात्याचं टोक स्वतःकडे करून. सुरा दुसऱ्याला द्यायचा तर असाच द्यायचा, हेही काकांनीच शिकवलेलं. "पुढच्या वेळी खरा आणा हं, आई. ही आमच्या घरी आली नाही तर पुढची वेळ येणारच आहे. मग मनगटावर भागायचं नाही."

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि दुकानाचे मालक बाहेर आले. हातात पुसायचं कापड, कपाळावर आठी. "मी आतून सगळं ऐकलंय," ते म्हणाले, "आणि पाहिलंयसुद्धा." जावयाने त्यांच्याकडे बघून मान लववली, "येतो," म्हणाला आणि काकांच्या अगदी जवळून, खांद्याला खांदा घासून निघून गेला. काकांचा हात अजून खिशातच होता.

तिघं घरी आली. कुलुपवाला निघून गेला होता. दार ओढून घेतलेलं, टेबलावर त्याचा सुरा आणि गार झालेला चहा. काकूंनी कडी लावली, दोनदा ओढून बघितली. मग त्यांनी फसव्याचे दोन तुकडे काकांसमोर टेबलावर ठेवले.

"मी काढला ना, तेव्हा तो घाबरला होता," काकू म्हणाल्या. "हिचा हात सोडला त्याने. मागे सरकला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, अहो. त्या माणसाला घाबरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं." त्या थांबल्या. "मग त्याची नजर मुठीवर गेली, तो हसला आणि सरळ माझ्या हातातून सुरा काढून घेतला. त्याला कसं कळलं?"

"मी दाखवला होता त्याला," काका म्हणाले. "मागे."

"आणि माझ्या पिशवीत हा कसा आला? मी तर लहान, हलका बघून घेतला होता. रोज हात लावून लावून ओळखीचा झाला होता मला तो."

काकांनी मान खाली घातली. मुठीचा क्रम, शेपटी, राळ, सगळं टेबलावर उघडं पडलं होतं. कोणाच्या हातचं काम, ते आज काकूंना सांगायची गरज नव्हती.

"मला भीती वाटली," शेवटी ते म्हणाले. बाहेर पडायला या शब्दांना फार वेळ लागला. "तुझ्या हातून काही भलतंच होईल याची. तो काढून घेईल याची. म्हणून बदलला."

"मला सांगायचं होतंत."

"तू तरी कुठे सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, म्यानात ठेवू नको, गंजेल." काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांना त्या पाण्याचाच राग आला. "मला कोणाला मारायचं नव्हतं हो. पिशवीत हात घातला की ती मूठ लागायची आणि पाय पुढे पडायचे. तेवढाच आधार होता. तो तुम्ही काढून घेतलात आणि वर माझ्या हातात माती दिलीत."

लेक इतका वेळ मशीनपाशी उभी होती. ती म्हणाली, "आणि मला दोघांनीही काही सांगितलं नाही. मी रोज आईबरोबर चालायचे आणि मनात म्हणायचे, आई किती निर्धास्त आहे." ती रडत नव्हती. त्याचीच काकांना जास्त भीती वाटली. "मालक उद्या चौकीवर येणार आहेत आपल्याबरोबर. ते म्हणाले, मी पाहिलंय, मी सांगेन. पण उद्या. आज काय करायचं, बाबा?"

खाली फाटक वाजलं. पावलं जिना चढू लागली, पहिल्या मजल्यावर रेंगाळली, किल्ली वाजली, दार उघडून बंद झालं. खालचे शेजारी.

काकांनी खिशातून फडकं काढलं. ते सोडून कोरा सुरा काकूंपुढे ठेवला. खिडकीच्या पडद्यातून येणाऱ्या उजेडात पातं निळसर दिसत होतं.

"हा घे," ते म्हणाले. "तुझा तोच. हा खरा आहे."

काकूंनी सुऱ्याला हात लावला नाही. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी काकांकडे असं कधी पाहिलं नव्हतं. भाव विचारून झाल्यावर वजनात मारणाऱ्या दुकानदाराकडे बघावं तसं.

"कशावरून?" त्यांनी विचारलं.

काकांचं तोंड उघडलं. चकत्यांचा क्रम, बुडाचं टोपण, टिचकीचा आवाज, सगळी उत्तरं जिभेवर तयार होती. पण ती देणारा माणूस खोटा ठरला होता. टिचकी तर बोळात जावयानेही मारली होती. काका उभे राहिले. त्यांनी टेबलावर पडलेलं फडकं ओढून खाली टाकलं, कोरा सुरा मुठीत धरला आणि सगळा जोर लावून टेबलाच्या लाकडात मारला. लेक दचकून किंचाळली. काकांनी दोन्ही हात मुठीवर ठेवले, अंगाचा सगळा भार एका बाजूला टाकला, मग दुसऱ्या बाजूला. गुडघा कळवळला. लाकूड करकरलं. पातं वाकलं, परत सरळ झालं. मुठीतली एक चकतीही हलली नाही. कारखान्यातून निघाल्यापासून ज्याने कधी कशाला स्पर्श केला नव्हता, त्याच्या पात्यावर आता आडवा ओरखडा होता.

"यावरून," काका म्हणाले. त्यांना धाप लागली होती.

काकूंनी त्या उभ्या मुठीकडे हात नेला. मग त्यांनी ती धरली, दोनदा हलवून सुरा स्वतःच ओढून काढला. टोकाचा कण लाकडातच मोडून राहिला. काकूंनी सुरा पदराने पुसला, पिशवीतल्या म्यानात घातला आणि टिचबटण लावलं. म्यानात ठेवू नको, असं काका म्हणाले नाहीत.